तक्तपोशी

गणपती पेठेत, मगदूमांच्या अडतीवरची माडी.
तीन खोल्या, तिन्हींना सागाची तक्तपोशी,
आणि माझ्या वहीत तीन माणसांची तीन छतं.

सन्मतीकाकूंना दिवाणखाना हवा चेट्टिनाडसारखा,
कारैकुडीला कुणाच्या लग्नाला गेल्या होत्या, तेव्हापासून.
तेल पाजलेल्या तुळया, पितळी कड्या,
खाली काळ्या-पांढऱ्या फरशीचा पट.
हे सोपं होतं. लाकडाला तेल आवडतं.

धाकट्या पार्श्वला इंडस्ट्रियल.
उघडे पाइप, पिंजऱ्यातले बल्ब, छत काळं कुळकुळीत.
"कारखानाच बघायचाय तर कुपवाडला जा की,"
श्रेणिककाका म्हणाले,
आणि चेक लिहिला.

तिसरी खोली थोरल्या सुनेची.
त्रिशला चार वर्षं माल्मोला राहून आलेली,
तिला पांढरं हवं होतं. सगळं.
"तिकडं हिवाळ्यात तीनलाच अंधार,
छत तेवढं उजेड धरून ठेवायचं.
डोळे उघडले की वर काहीच दिसू नये."
मी लिहिलं : पांढरा, मॅट.

मिरजेहून दस्तगीर मिस्त्री आला.
घराण्यात सगळे सतारीवाले, हा एकटा फर्निचरात.
परांचीवर उताणा पडून बोटाच्या पेरानं
एकेक फळी वाजवायचा.
"ही बोलतीया. ही मुकी.
ही जरा रडकी हाय ताई, हिला स्क्रू नको."
मला कॉलेजात असलं काही शिकवलं नव्हतं.
तिथं छत म्हणजे पाचवी भिंत,
आणि भिंतीला कान असतात, एवढंच मला ठाऊक.

पांढऱ्याचा पहिला हात रात्रीत वाळला.
सकाळी फिकट पिवळा.
दुसरा हात. पिवळा.
प्रायमर बदलला. कंपनीचा माणूस कोल्हापूरहून आला,
वास घेऊन परत गेला.
चौथ्या सकाळी सांध्यासांध्यातून
छत हळदीला बसलेलं.

काका दारातच उभे राहिले.
"पाणी पेठेत शिरलं त्या रात्री
खालची सगळी पोती वर घेतली होती.
पार वरपर्यंत.
शेवटी शेवटी हमाल पोत्यांवरनं सरपटत होते."

मग मीच चढले खरवडायला.
नाक फळीपासून वीतभर.
खिडकीकडच्या कोपऱ्यात, दोन तुळयांच्या बेचक्यात,
जिथं ब्रश पोचला नव्हता,
कोळशानं :

३९२
पाठ टेकलि

नाव नाही.
शेवटची वेलांटी ऱ्हस्व, जोर संपल्यासारखी.
कुणीतरी इथंच, असाच उताणा,
खाली नऊ फूट हळद
आणि हळदीखाली नदी.

त्रिशलाला बोलावलं. ती चपला काढून चढली,
बराच वेळ पडून राहिली.
दस्तगीर खाली चहा गार करत बसला.
"तीनशे ब्याण्णव काय, किलो?"
"पोती."
"एकट्यानं?"
ते मला माहीत नव्हतं.

दस्तगीरनं सगळ्या फळ्या वाजवल्या, ती सोडून.
मी विचारलं, तर करवत पुसत म्हणाला,
"निजलेल्या माणसाला कशाला उठवायचं."

दिवाणखान्याचा फोटो माझ्या कार्डावर आहे.
पार्श्वचे बल्ब दोनदा उडाले, आता त्यानं साधी ट्यूब लावलीय.
तिसऱ्या खोलीचा फोटो मी कुणाला दाखवत नाही,
फोटोत ते ओल आल्यासारखं दिसतं.
पावसाळ्यात अजून उतरते म्हणे. कधी उशीवर बारीक पूड.
त्रिशला उशी झटकते, उलटी करते,
झोपते.

बिलात रंगाच्या रकान्यापाशी मी अडले.
पांढरा लिहिणं खोटं, पिवळा लिहिणं माझी नाचक्की.
काकांनी पेन मागून घेतलं,
चष्मा कपाळावर सारला,
आणि अडतीच्या त्या तिरक्या अक्षरात लिहिलं :
राजापुरी.